पोर्टलपलीकडचं प्रेम: नाशिकच्या नवलेखक मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लेखनगटात येणारी मुलं साधारण अकरावी ते पदवीच्या वयाची. कुणी कॉलेज रोडवरच्या क्लासमधून सुटून थेट येतं, कुणी सिन्नर-ओझरहून बस पकडून. बहुतेकांच्या वहीत गोष्ट एकाच घराण्यातली असते: एक मुलगी किंवा मुलगा, एक दार, दारापलीकडे जादूचं जग आणि त्या जगात कुणीतरी एक. प्रश्नही तेच ते येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. यातली काही मतं माझी आहेत आणि ती मुलांना पटत नाहीत. चालायचंच.

पोर्टल-प्रेमकथा नेमकी कशाला म्हणायची?

जी आपल्या ओळखीच्या जगात सुरू होते, मग पात्र कुठल्यातरी वाटेने दुसऱ्या जगात जातं आणि तिथे जीव गुंततो, ती. पहिल्या पानापासूनच जादूचं राज्य असेल तर ती नुसती फँटसी. त्यात काही वाईट नाही, पण मग दाराचा प्रश्नच येत नाही.

माझी एक कसोटी आहे. गोष्टीतून दार काढून टाका. तरीही प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहत असेल, तर दार फुकट गेलं. ज्या वाटेने दोघं भेटले तीच वाट त्यांच्या आड यायला हवी. दाराचा नियम आणि प्रेमाची अडचण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की कथा दुभंगते: अर्धी साहसकथा, अर्धी कॉलेजकट्ट्यावरची. खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून याच मुद्द्यावर येतील, आधीच सांगते.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं बाबा म्हणतात. काय सांगू?

बाबांना उलूपी आठवते का विचारा. अर्जुन वनवासात गंगेत स्नानाला उतरतो, नागकन्या उलूपी त्याला पाण्याखाली ओढून नागलोकात नेते, आपलं मन त्याच्यापुढे उघड करते आणि दुसऱ्या दिवशी तो परत काठावर येतो. नदी हेच दार. मागणी घालणारी मुलगी. आणि परत यावंच लागणार, हे दोघांनाही माहीत. आदिपर्वात आहे हे.

उषा-अनिरुद्धाची गोष्ट तर या प्रकाराचा वस्तुपाठच आहे. शोणितपूरच्या बाणासुराची मुलगी स्वप्नात एक तरुण बघते. तो कोण, कुठला, काहीच ठाऊक नाही. तिची मैत्रीण चित्रलेखा देव, गंधर्व, माणसं अशी एकेकाची चित्रं काढत जाते, अनिरुद्धाचं चित्र आलं की उषा लाजते आणि चित्रलेखा योगबळाने त्याला द्वारकेहून झोपेतच उचलून आणते. तुमच्या कथांमध्ये नायिकेची मैत्रीण फक्त ‘अगं, मला सगळं सांग ना’ एवढंच म्हणायला असते. चित्रलेखा बघा. दार तिच्या हातात आहे. ती नसती तर गोष्ट स्वप्नातच संपली असती.

कच शत्रूच्या घरी विद्या शिकायला जातो, देवयानी त्याच्यात गुंतते, आणि विद्या मिळाली की त्याला स्वर्गात परत जायचं असतं. हीच पेचाची जागा आजच्या रोमँटसीत, म्हणजे प्रेम आणि फँटसी मिसळलेल्या कादंबऱ्यांत, पानापानावर दिसते. छापील मराठीत बोलायचं तर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. मराठी कादंबरी नुकतीच चालायला शिकत होती तेव्हाच तिने अद्भुतरम्य प्रेमकथेचा हात धरला होता. आणि आपल्याच शहराचं उदाहरण हवं असेल, तर २०२१ च्या डिसेंबरमध्ये नाशिकला जे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर, विज्ञानकथा लिहिणारे खगोलशास्त्रज्ञ. कल्पनेतल्या जगाला मराठीत खुर्ची नाही, असं कुणी म्हणू नये.

एवढं सांगूनही बाबा ‘आधी बारावीचं बघ’ म्हणतील. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्यांचंही खोटं नाही.

दार कुठे ठेवू? कपाट, आरसा, लिफ्ट हे सगळं वापरून झालंय.

नाशिकमध्ये राहून कपाट कशाला लागतं? इथे वर्षभर बंद राहून ठरल्या वेळी उघडणाऱ्या जागा खऱ्याखुऱ्या आहेत.

रहाड घ्या. रंगपंचमी जवळ आली की जुन्या नाशकात तिवंधा चौक, तांबट लेन, दिल्ली दरवाजा, शनी चौक अशा ठिकाणी भररस्त्यात खोदकाम सुरू होतं. खाली बांधीव हौद निघतो. वर्षभर त्यावरून रिक्षा गेलेल्या असतात, हातगाड्या गेलेल्या असतात, शाळेची मुलं दप्तरं सांभाळत गेलेली असतात, कारण लाकडी ओंडके टाकून, वर माती लोटून तो बुजवलेला असतो. पेशवाईपासूनची रीत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेले, आधी पूजा, आणि मग वरून धप्पा, म्हणजे हौदात उडी. सण झाला की पुन्हा माती.

आता लेखक म्हणून तिथे उभे राहा. वर्षातून एकदा उघडणारा हौद, रंगामुळे तळ दिसत नाही. धप्पा मारणारा क्षणभर दिसेनासा होतो. वर येतो तेव्हा केसांपासून पायांपर्यंत एकाच रंगाचा, त्याच्या आजूबाजूचे सगळेही त्याच रंगाचे. उडी मारलेलं पोरगं आणि वर आलेलं पोरगं एकच आहे की नाही, हे त्याच्या आईलासुद्धा दोन बादल्या पाणी ओतल्याशिवाय कळायचं नाही. हे मी रचलेलं नाही, दर रंगपंचमीला दिसतं. तुम्ही फक्त एवढंच ठरवायचं की वर आला तो दुसराच कुणी होता. आणि जो खाली राहिला त्याला परतायला पुढची फाल्गुन वद्य पंचमी. वर्षभराची ताटातूट तुम्हाला लिहावी लागत नाही, ती पंचांगातच आहे. शिवाय रंगपंचमी येते मार्चच्या आसपास, म्हणजे परीक्षांच्या ऐन मोसमात. नायिकेला अडवायला राक्षस आणायची गरज नाही.

दुसरी जागा गोदाकाठची. पावसाळ्यात नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पुढे नारोशंकराच्या देवळावरची घंटा आहेच, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. दाराचा नियम असा लावून बघा: पाणी मारुतीच्या छातीला लागलं की वाट उघडते आणि ओसरलं की मिटते. गंमत म्हणजे पाणी किती चढणार हे गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं यावर अवलंबून. म्हणजे तुमच्या प्रेमाची किल्ली पाटबंधारे खात्यातल्या एका अभियंत्याच्या हातात. या अभियंत्यावर अजून कुणी गोष्ट लिहिलेली नाही. लिहा कुणीतरी.

तिसरी, जुने वाडे. मोठ्या दरवाजाच्या पोटात छोटा दिंडी दरवाजा असतो, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. धान्याचं बळद असतं, जिना भिंतीतून जातो. वाडे पाडून इमारती होतायत, हाही एक नियम होऊ शकतो: बिल्डरचं बुलडोझर सोमवारी येणार, त्याआधी त्याला इकडे यायचं की तिला तिकडे राहायचं हे ठरलं पाहिजे.

रामकुंड किंवा एखादं देऊळ दार म्हणून वापरलं तर लोक चिडतील का?

काही चिडतील. पण माझा आक्षेप भीतीचा नाही, कारागिरीचा आहे. देवळातून गेलं की वाचक आपोआप देवाची अपेक्षा करतो, आणि मग तुमचा निळ्या डोळ्यांचा राजपुत्र फिका पडतो.

म्हणून मी सांगते, नियम उसना घ्या, देऊळ नको. रामकुंडाजवळचं गंगा-गोदावरी मंदिर सिंहस्थ लागला तरच उघडतं, एरवी बंद. गुरू सिंह राशीत यायला सुमारे बारा वर्षं लागतात. मागचा सिंहस्थ २०१५ चा, पुढची शाही स्नानं २०२७ मध्ये. हा बारा वर्षांचा हिशेब उचला आणि तुमच्या मनाने रचलेल्या एखाद्या विहिरीला लावा. २०१५ मध्ये सोळा वर्षांची असलेली मुलगी २०२७ मध्ये अठ्ठावीस वर्षांची होते. पहिल्या भेटीत तिला घर सोडून पळायचं होतं, दुसऱ्या भेटीत तिचं स्वतःचं घर आहे, हप्ते चालू आहेत. पलीकडचा मात्र अजून तिथेच उभा. यापुढे मी काही सांगायची गरज नाही, कथा तुमच्या हातात आली.

दाराचे नियम किती ठेवायचे?

एक. फार तर दोन. अमावास्या हवी, चांदीची किल्ली हवी, नायिकेच्या रक्ताचा थेंब हवा, शिवाय मंत्र हवा असं लिहिलंत की वाचक यादी पाठ करत बसतो. एकच नियम, पण मोडायला महाग.

पलीकडचं जग किती तपशिलात उभं करू? माझ्याकडे नकाशा, सात राज्यं आणि वंशावळ आहे.

नकाशा भिंतीवर लावा, पुस्तकात घालू नका. मला त्या जगात तीन गोष्टी आधी कळायला हव्यात: पाणी कुठून येतं, माणसं काय खातात आणि काम कोण करतं. राजवाड्यात मेजवानी असते तेव्हा भांडी कोण घासतं? जादूने घासली जात असतील तर भांडी घासणाऱ्यांचं पोट कशावर चालतं? एवढं कळलं की राज्य आपोआप उभं राहतं.

तुमची नायिका नाशिकची आहे, तर तिची नजर नाशिकची ठेवा. द्राक्षबागेतली मुलगी परक्या जगात गेली तर आधी आभाळ बघेल. गारपिटीने बाग झोपलेली तिने पाहिली आहे, ढगांचा रंग तिला इतरांपेक्षा लवकर कळतो. भांडी बाजारातल्या तांबटाचा मुलगा तिकडच्या घंटेचा आवाज ऐकून सांगेल, ही भेगाळली आहे. पात्राला हातचं काही येत असलं की ते परक्या जगात उपरं वाटत नाही, आणि समोरच्याने त्याच्यावर जीव का टाकावा याला कारणही मिळतं. ‘ती इतरांसारखी नव्हती’ हे कारण नव्हे.

त्या जगाला आमचीच नायिका का वाचवते?

चांगला प्रश्न, आणि तो मुलांनी विचारायच्या आधी मीच विचारते. हजार वर्षं माणसं राहतायत, त्यांच्याकडे राण्या आहेत, वैदू आहेत, सेनापती आहेत, आणि एक दिवस सातपूरहून सतरा वर्षांची मुलगी येते आणि आठवड्याभरात सगळ्यांचं भलं करते. परक्यांनी येऊन आपला उद्धार केला, ही गोष्ट आपल्याकडे दीडशे वर्षं सांगितली गेली आहे. ती आपणच दुसऱ्याला सांगू नये.

तिने एखाद्याच माणसाचं काही वाचवावं. किंवा तिने काही बिघडवावं आणि निस्तरावं. हे मला जास्त भावतं.

तिकडचा एक दिवस म्हणजे इकडचा किती?

हा आकडा तुम्ही गंमत म्हणून ठरवता आणि मग कथा त्याच्याखाली चिरडते, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडचा जुना दाखला रेवतीचा. तिचा बाप ककुद्मी तिच्यासाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकात जातो. तिथे गंधर्वांचं गाणं चालू असतं, म्हणून क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव सांगतो, तू मनात धरलेले सगळे वर केव्हाच मरून गेले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांचीही नावं उरली नाहीत. सत्तावीस चतुर्युगं उलटली. रेवती परत येते ती बलरामाशी लग्न करायला. विष्णुपुराणात तर ती इतकी उंच असते की बलराम नांगराच्या टोकाने तिला आपल्या उंचीला आणतो. एका गाण्याच्या किमतीत तिचा सगळा काळ गेला, आणि तिला कुणी विचारलंही नाही. त्या मुलीच्या बाजूने ही गोष्ट लिहून बघा.

आता आकडेमोड. समजा इकडचा एक दिवस म्हणजे तिकडचं एक वर्ष. नायिका शनिवार-रविवार घरी राहिली आणि सोमवारी परत गेली की तो दोन वर्षांनी मोठा. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेली तर तो संसाराला लागलेला. म्हणजे तिला घर आणि तो यातलं एक दर संध्याकाळी निवडावं लागेल. छळ आहे, पण कथेला उत्तम. उलटं घ्या: तिकडची एक रात्र म्हणजे इकडचा महिना. तीन रात्रींत तिमाही गेली, पोलिसात तक्रार झाली, आईचे केस पांढरे व्हायला लागले. तिसरा प्रकार, तिकडे वर्षं जातात आणि इकडे चहासुद्धा गार होत नाही. हा सोपा वाटतो, पण तो सगळ्यात अवघड. मुलगी तिकडे पंचविशीची होऊन, युद्ध बघून, कुणावर तरी प्रेम करून परत येते, आणि इकडे ती सतरा वर्षांच्या अंगात केमिस्ट्रीच्या तासाला बसलेली. मैत्रिणींशी काय बोलायचं तिने?

प्रमाण ठरवलंत की वहीच्या मागच्या पानावर दोन स्तंभ करा, इकडची तारीख आणि तिकडची. पोर्टल-कथेत सर्वात जास्त चुका इथेच सापडतात आणि वाचक त्या बरोबर पकडतात.

घरच्यांचं काय करायचं? सरळ अनाथ करून टाकू का नायिकेला?

नको. आई-बापांना पहिल्याच प्रकरणात अपघातात मारायची इतकी घाई असते मुलांना! कारण कळतं, कुणी विचारणारं नसलं की दारातून जायला मोकळीक. पण मराठी घरातून मुलगी तीन दिवस गायब होणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे. क्लासचा गैरहजेरीचा मेसेज बाबांना गेलेला असतो. शेजारच्या काकूंनी तिला संध्याकाळी जिन्यात पाहिलेलं असतं. आजी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकते, तोही भावाच्या मुंजीतला, अर्धा कापलेला. मामा निमाणी आणि सीबीएस दोन्ही स्टँड पालथे घालतो. हे सगळं इकडे चालू असताना तिकडे ती चांदण्यात कुणाचा तरी हात धरून उभी आहे, हे वाचकाला माहीत असलं की त्या हातालाही वजन येतं.

आणि ती परत आल्यावर आई एकच प्रश्न विचारते, ‘जेवलीस का?’ त्यावर तिला रडू येतं. हे दृश्य मी कित्येक वह्यांत वाचलंय आणि तरी दर वेळी लागतं, त्यामुळे त्याला हरकत घेत नाही.

मोबाइल तिकडे चालतो का?

रेंज नाही, पण बॅटरी संपेपर्यंत टॉर्च आणि फोटो चालतात. एवढं पुरे.

नायक पाचशे वर्षांचा अमर राजपुत्र आहे आणि नायिका सतरा वर्षांची. हे तर सगळीकडेच असतं ना?

असतं. मला आवडत नाही. पाचशे वर्षांत या गृहस्थाला बोलायला बरोबरीचं कुणी भेटलं नाही? दिसायला विशीतला असला तरी अनुभव, सत्ता, पैसा, राजवाडा सगळं त्याच्याकडे, आणि तिच्याकडे परतीच्या वाटेची माहितीसुद्धा नाही; तीही बहुतेक त्याच्याकडेच असते. याला प्रेम म्हणण्याआधी जरा थांबा.

सुटका सोपी आहे. त्याला त्याच्या जगातला अठरा-एकोणीस वर्षांचा करा, त्याचीही पहिलीच वेळ असू दे. दाराचं गुपित दोघांकडे अर्धं अर्धं असू दे. आणि अमरत्व हवंच असेल तर ते नायिकेच्या आजीला द्या, मजा येईल.

शत्रूपासून प्रेमापर्यंत हा ट्रोप, म्हणजे कथेचा साचा, फार आवडतो. वापरू?

जरूर. पण शत्रुत्वाला कारण हवं आणि ते कारण प्रेमात पडल्यावरही उरायला हवं. तिचे लोक नदी अडवू पाहतायत, त्याचं गाव खालच्या अंगाला आहे. पाण्यावरून वरच्या आणि खालच्या गावांचं भांडण म्हणजे काय, हे नाशिक-नगर-मराठवाड्यातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की घरात काय बोलणं होतं ते आठवा. असं शत्रुत्व चुंबनाने मिटत नाही आणि म्हणूनच ते कामाचं.

त्याने तिला कोंडून ठेवलं, तिचा अपमान केला, मनगट धरून ओढलं, आणि मग ‘मी तुझ्या काळजीपोटी केलं’ म्हणाला. असं असेल तर ते शत्रुत्व नाही आणि प्रेमही नाही. हे मी वहीत लाल पेनाने लिहिते.

लव्ह ट्रँगल?

तिसरं माणूस दाराच्या अलीकडचं असेल तरच.

प्रेमात किती दाखवायचं?

अठरा वर्षांखालच्या पात्रांची लैंगिक दृश्यं आम्ही वाचायलाही घेत नाही. पोक्सो कायदा २०१२ चा, त्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ ब कलमही आहे, आणि त्यात चित्रांबरोबर मजकूरही येतो. पात्र ‘तिकडच्या जगात सज्ञान’ आहे ही पळवाट काढू नका.

बाकी, या वयाच्या कथेत अंतर फार बोलतं. बळदातून बाहेर येताना त्याने दिलेला हात तिने धरला आणि वर आल्यावर कुणीच आधी सोडला नाही. असं एक वाक्य नीट जमलं तर पानभर वर्णन वाचतं.

पलीकडचे लोक कुठली मराठी बोलतील?

‘हे सुंदरी, तू कोण आहेस?’ अशी नको, कृपा करा. पौराणिक मालिकांच्या डबिंगमधून ती आली आहे आणि तिथेच बरी आहे.

घरात अहिराणी बोलत असाल, बागलाण-मालेगावकडची मुलं बोलतात, किंवा सुरगाणा-पेठकडची कोकणी तुमची असेल, तर ती वापरा, हक्काने वापरा. फक्त ती नोकरांच्या आणि विनोदी पात्रांच्या तोंडी आणि प्रमाण मराठी राजघराण्याच्या तोंडी, अशी वाटणी करू नका. एकदा राणीला अहिराणीत हुकूम देऊ दे. दरबार कसा दिसतो ते बघा.

आणि मराठीत प्रेमकथा लिहिणाऱ्याच्या हातात एक हत्यार आहे, त्याचा उपयोग करा. दोनशे पानं ती त्याला अहो-जाहो करते. सेनापती आहे, परका आहे, वयाने थोडा मोठा. मग परतीच्या रात्री:

तो म्हणतो, ‘पाणी उतरायला लागलंय. तुम्ही निघायला हवं.’

‘तू थांब म्हणालास तर थांबेन.’

तो आधी नुसता गप्प. मग म्हणतो, ‘काय म्हणालीस?’

तिला वाटतं, त्याला ऐकू आलं नाही, आणि ती पुन्हा ‘तुम्ही’वर जाते. त्याला मात्र नीट ऐकू आलेलं असतं. इथे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ लिहिलंत तर सगळं वाया.

नावं सुचत नाहीत. एलारा, ड्रेव्हन, कायलिन चालतील?

चालतील, पण कुणाला आठवणार नाहीत. पांडवलेण्यांवर एक सकाळ घालवा. चोवीस लेणी आहेत, मुंबई-आग्रा महामार्गालगत, चढायला फार वेळ लागत नाही. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करणारा. दहाव्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख. आणि तिथेच एक छोटासा लेख त्याच्या बायकोचा, नहपानाच्या मुलीचा: दक्षमित्रेने दिलेली खोली. जावयाने नद्यांवरचे घाट, गायी, गावं अशी दानांची लांबलचक यादी कोरून घेतली. मुलीच्या नावावर एक खोली. बाप आणि नवरा एका बाजूचे, आणि पुढे त्याच डोंगरावर त्यांच्या शत्रूच्या आईचा लेख. दक्षमित्रा त्या खोलीत कधी आली असेल का? दार तिथे असेल तर? नाव शोधायला गेलात आणि कादंबरी घेऊन उतरलात, असंही होतं.

लेखांना हात लावू नका, खडूने घासू नका. हे सांगावं लागतं.

शेवट गोड करू की कडू?

तिने तिकडे राहावं, इकडे यावं, त्याला आणावं किंवा दार कायमचं बंद व्हावं, चारही चालतात. न चालणारा एकच: शेवटच्या पानावर अचानक कळतं की दाराला दुसराही नियम होता आणि आता दोघांना हवं तेव्हा ये-जा करता येईल. तीनशे पानं वाचकाने जी किंमत मोजली ती तुम्ही परत केलीत, तीही न मागता. ‘हे सगळं स्वप्न होतं’ याबद्दल तर बोलायलाच नको.

त्याला इकडे आणणार असाल तर पुढचा एक महिना लिहायची तयारी ठेवा. सेनापतीकडे आधार कार्ड नाही. तो भाड्याने खोली कशी घेणार? अंबड एमआयडीसीत कामाला लागला तर तिथे त्याचं काय होईल? मला स्वतःला हा भाग वाचायला सर्वात आवडेल. अजून कुणी दिलेला नाही.

मालिका करू की एकच पुस्तक?

आधी एक पूर्ण करा.

वाचायला कुठून मिळवू? सगळी पुस्तकं महाग आहेत.

सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून आहे. सभासद व्हा. इंग्रजी रोमँटसीच्या जाडजूड मालिकांसाठी हट्ट धरू नका. भागवत, महाभारताचे मराठी अनुवाद, जुन्या अद्भुत कादंबऱ्या, लोककथांचे संग्रह तिथे निवांत पडून असतात आणि मागणारं कुणी नसल्यामुळे लगेच मिळतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना नाशिकमधूनच सुरू झाली. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटापर्यंत पोचतात. सोसायटीतल्या काकांना विचारा, एखादी पेटी जवळपासच असेल.

गोष्ट पूर्ण झाली. आता पाठवू कशी? आणि कुणी चोरली तर?

युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसत्या चौकटी दिसतात, आणि संपादक चौकटी वाचत नाहीत. पहिली तीन प्रकरणं आणि पानभर सारांश पाठवा. सारांशात शेवट सांगा, ‘पुढे काय होतं ते वाचाच’ असं लिहू नका.

चोरीची फार धास्ती घेऊ नका. १९५७ च्या कायद्यानुसार लिहिल्याक्षणी स्वामित्वहक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षं राहतो. स्वतःला मेलवर पाठवून ठेवलेली फाइल तारखेच्या पुराव्यासाठी उपयोगी पडते. कल्पनेवर मात्र हक्क नसतो. रहाडीतलं दार आणखी चार जण लिहितील, लिहू दे.

मी सतरा वर्षांचा आहे. प्रकाशकाशी करार करता येईल का?

तुमच्या एकट्याच्या सहीने नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत कायद्याने करार करता येत नाही, सही पालकांची लागते. करारात ‘सर्व माध्यमांचे सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली तर सही करण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा, मानधन किती आणि कधी ते लिहून घ्या, छापायला तुमच्याकडूनच पैसे मागत असतील तर तसं स्पष्ट विचारा. आणि हो, आई-बाबा सही करण्याआधी पुस्तक वाचायला मागतील. परतीच्या रात्रीचं ते प्रकरणसुद्धा. त्याला काही इलाज नाही.